‘ब्रेक ऑइल’ हे तेल नव्हे

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यापूर्वी गाडीची निगा कशी राखावी, याविषयीचा मजकूर वाचला. वायपरची रबरे, टायरची झीज, बॅटरीच्या टोकांवर धरणारा क्षार यांविषयी त्यात जे सांगितले आहे ते योग्यच आहे. क्लचविषयी मात्र त्यात तीन वाक्ये आहेत आणि त्यांतले एकही जसेच्या तसे पाळण्याजोगे नाही. क्लचचे पेडल नरम लागले तर क्लचच्या द्रवाच्या टाकीत ब्रेक ऑइल भरावे, ते हाताशी नसल्यास कोणतेही पातळ तेल चालून जाते, आणि तरीही गिअर अडत असेल तर क्लच प्लेट, म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे नेणारी चकती, संपली असे समजावे, असा तो सल्ला आहे. पहिला सल्ला अर्धवट आहे, दुसरा घातक आहे आणि तिसरा गाडीमालकाला विनाकारण मोठ्या खर्चात उतरवणारा आहे. हे तिन्ही प्रकार माझ्या स्वतःच्या गाडीवर, काही अंशी माझ्याच हातून, होऊन गेले असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. ते थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

माझ्याकडे १९६९ सालची एमजीबी ही दोन आसनांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आहे. इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या या गाड्या आपल्याकडे फार थोड्या आल्या. माझ्या थोरल्या बंधूंनी मुंबईस नोकरीला असताना ही हौसेने घेतली आणि त्यांच्या पश्चात ती वेंगुर्ल्यास आमच्या मांगरात, म्हणजे कोठारात, नारळाच्या ढिगाशेजारी येऊन उभी राहिली. तिचे १७९८ सीसीचे इंजिन आणि आपल्या अ‍ॅम्बॅसडरचे जुने १४८९ सीसीचे इंजिन ही एकाच घराण्यातली भावंडे असल्याने इथल्या जुन्या मिस्त्र्यांना ती कधी परकी वाटली नाही. बिघडले ते इंजिन नव्हते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत बेळगावहून परतताना आंबोलीत चहासाठी थांबलो आणि निघताना रिव्हर्स पडेना. या गाडीच्या रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे दात्यांचे वेग जुळवून घेणारी योजना, नाही, त्यामुळे क्लच पुरता सुटत नसला की पहिली ओरड तोच करतो. खरे तर ही ओरड महिनाभर चालू होती. पेडल दोन-तीनदा भराभर दाबले की गिअर पडायचा; टाकीतली पातळी उतरलेली दिसायची; मी झाकण उघडून भर घालायचो आणि पुढे जायचो. महिन्याभरात तीनदा भर घातली. घातलेले जाते कुठे, हा प्रश्न आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला एकदाही पडू नये, याची आज लाज वाटते. आंबोलीत मात्र पेडल जे खाली बसले ते बसलेच. चार माणसांनी गाडी ढकलून रस्त्याला लावून दिली, इंजिन बंद ठेवून पहिला गिअर टाकला आणि स्टार्टरच्याच जोरावर गाडी उचलली. पुढे इंजिनाचा वेग आणि गाडीचा वेग कानाने जुळवत दुसरा टाकला आणि दाणोलीपर्यंतचा सारा घाट त्या एकाच गिअरमध्ये उतरलो. सावंतवाडीत मोती तलावाच्या काठाने जाताना दोन वेळा थांबावे लागले आणि दोन्ही वेळा गाडी बेडकासारखी उडी मारून निघाली. हा प्रयोग कोणी हौसेने करू नये. त्यात स्टार्टरचे आणि गिअरच्या दात्यांचे हाल होतात.

वाटेत एका गॅरेजमध्ये दाखवले. तिथल्या फिटरने पेडल एकदा दाबून पाहिले, बॉनेट न उघडताच ‘प्लेट गेली’ असा निकाल दिला आणि इंजिन उतरवावे लागेल असे सांगितले. त्याचे दुसरे म्हणणे खोटे नव्हते. या गाडीची रचनाच अशी आहे की गिअरबॉक्स एकटा खालून काढता येत नाही, त्यामुळे क्लच प्लेट बदलायची म्हणजे इंजिन बाहेर काढणे आले. तेवढ्याचसाठी निदान आधी पक्के करायला हवे होते. पुरवणीतल्या मजकुरातही हाच घोटाळा आहे, म्हणून फरक स्पष्ट करतो. प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे चढावर इंजिन ओरडते, पण गाडी त्या मानाने पळत नाही. गिअर मात्र सहज पडतात. आणि क्लच पुरता सुटत नसला की याच्या नेमके उलट होते: गाडी चढावर उत्तम ओढते, पण गिअर कुरकुरतात, अडतात, पडतच नाहीत. पहिली तक्रार प्लेटची, तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची किंवा प्लेटवर इंजिन ऑइल गळाल्याची असते. दुसरी बहुतेक वेळा पेडलापासून क्लचपर्यंत जोर पोचवणाऱ्या व्यवस्थेची असते. त्यातही पेडल पुन्हा पुन्हा दाबल्यावर गिअर पडत असेल, तर त्या व्यवस्थेत हवा शिरली आहे किंवा ती कुठेतरी गळते आहे, एवढे धरून चालायला हरकत नाही.

मी गाडी तशीच वेंगुर्ल्यास आणली आणि आमच्या गावातल्या एका निवृत्त मिस्त्रींना बोलावले. त्यांनी काहीही खोलण्याआधी एकच वाक्य उच्चारले: ‘‘तेल खंय जाता, ता आधी बघूया.’’ गाडीखाली रात्रभर पांढरा पुठ्ठा अंथरून ठेवायला त्यांनी सांगितले. सकाळी इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली रुपयाएवढा काळपट डाग होता. आता हे इंजिनाचे तेल की क्लचचे, हा प्रश्न. या वयाच्या इंग्लिश गाड्या तेल सांडतातच, आणि बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या आवरणाच्या, बुडाशी त्यासाठी मुद्दाम भोकही ठेवलेले असते. मिस्त्रींनी स्टीलची वाटी पाण्याने भरून मागितली, बोटाने डागाच्या वरचा ओला भाग पुसून घेतला आणि बोट पाण्यात बुडवले. इंजिन ऑइल असते तर पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग पसरला असता. तसे काही झाले नाही. काळसर धूर सोडल्यासारखा एक धागा पाण्यात उतरला आणि विरघळून गेला. ब्रेकच्या द्रवाची ओळख पटवायला याहून सोपी चाचणी मला ठाऊक नाही आणि ती घरातल्या वाटीवर होते.

या व्यवस्थेची रचना मुळात साधी आहे. पेडलाच्या वरच्या अंगाला मास्टर सिलिंडर असतो, त्याच्यावर द्रवाची टाकी असते. पेडल दाबले की त्यातला दट्ट्या द्रवाला नळीतून ढकलतो आणि दुसऱ्या टोकाला, बेलहाउसिंगवर दोन बोल्टांनी बसवलेल्या स्लेव्ह सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकून क्लचचा काटा ढकलतो. द्रव आकसत नाही, म्हणून इथला दाब तिथे जसाच्या तसा पोचतो. पास्कलच्या नियमाचे याहून नेटके प्रात्यक्षिक वर्गातही दाखवता येत नाही. मात्र स्लेव्हचा दांडा सरकतो तो जेमतेम अर्धा इंच. या अर्ध्या इंचातला दोन-तीन मिलिमीटरचा भाग जरी गळतीने किंवा हवेच्या बुडबुड्याने खाल्ला, तरी क्लच सुटायचा राहतो. हे सारे धरून ठेवतात ती बोटाच्या पेराएवढी रबरी वॉशरे. त्यांचा पातळ ओठ सिलिंडरच्या भिंतीला घट्ट टेकलेला असतो आणि दाब वाढेल तसा अधिकच घट्ट टेकतो. भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तोवर ही वॉशरे वर्षानुवर्षे टिकतात.

आमच्या स्लेव्ह सिलिंडरचे धूळ अडवणारे रबरी टोपण मागे सरकवताच चमचाभर काळे पाणी हातावर सांडले. दट्ट्या बाहेर काढला, सिलिंडर पुसून विजेच्या दिव्याकडे धरला, तेव्हा आत एका जागी, दट्ट्या विश्रांतीला असताना वॉशर जिथे टेकते नेमके तिथे, खसखशीएवढ्या खळग्यांचे कडे दिसले. नख फिरवले की नख अडायचे. बाकीचा सिलिंडर तळहातासारखा स्वच्छ. नव्या वॉशरांचा संच घालून, सिलिंडर बारीक दगडाने घासून आम्ही तो परत बसवला आणि मी विजयी मुद्रेने दोन आठवडे गाडी फिरवली. सोळाव्या दिवशी पेडल पुन्हा खाली.

या वेळी पुठ्ठा कोरडा होता. दोष सापडला तो अनपेक्षित जागी. क्लचच्या पेडलाखालची चटई कोपऱ्यात चिकट लागत होती. ती कधीपासूनच तशी होती आणि गाडी धुताना पाणी आत जात असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. चटई उचलली तर खालच्या पत्र्यावरचा रंग फोड आल्यासारखा फुगलेला, आणि नखाने उकरताच त्याचा पापुद्रा सुटून आला. ब्रेकचा द्रव रंग खातो, हे सर्वांना ठाऊक असते. मास्टर सिलिंडरचे मागचे वॉशर गळत होते आणि द्रव पेडलाच्या दांडीवरून ओघळत थेट पायाशी उतरत होता. दोन्ही सिलिंडर सारख्याच वयाचे, एकाच द्रवात भिजलेले, एकाच मांगरात पावसाळे काढलेले. एक गेला की दुसरा त्याच वाटेवर असतो. दोन्ही एकाच वेळी करायचे, असा मिस्त्रींचा सुरुवातीपासून आग्रह होता आणि पैसे वाचवण्याच्या नादात तो मीच मोडला होता.

आता हे खळगे पडले कशाने, याकडे येतो, कारण हा प्रश्न घाटावरच्या वाचकांपेक्षा आपल्या किनारपट्टीच्या वाचकांना अधिक जवळचा आहे. क्लच आणि ब्रेक यांत साधारणपणे वापरला जाणारा द्रव ग्लायकॉल वर्गातला असतो आणि त्याला पाण्याची विलक्षण ओढ असते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीचे जे होते, तेच या टाकीत होते. फक्त बरणीत ते दिसते आणि टाकीत दिसत नाही. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असते, तिथून आणि रबरी नळीच्या अंगातूनही दमट हवेतले पाणी आत येत राहते. हे पाणी द्रवात विरघळलेले असल्याने सहज कळत नाही. बाटलीवर ‘डॉट ३’, ‘डॉट ४’ असे लिहिलेले असते ते अमेरिकेच्या वाहतूक खात्याने ठरवलेले दर्जे आहेत. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरल्यावर तो किमान १५५ अंश उरला तरी चालतो. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. एवढे थोडे पाणी केवढी पत उतरवते, हे या आकड्यांवरून दिसते. क्लचमध्ये द्रव उकळण्याइतका सहसा तापत नाही, त्यामुळे तिथे पाण्याचा मार वेगळा बसतो: ते सिलिंडरच्या धातूला आतून खाते. गाडी रोज फिरत असेल तर दट्ट्या सरकत राहतो आणि भिंत पुसली जाते. गाडी जूनपासून दिवाळीपर्यंत ताडपत्रीखाली उभी असेल, तर चार-साडेचार महिने वॉशर एकाच रेषेवर टेकून राहते आणि खळगे नेमके त्या रेषेवर पडतात. हौसेच्या जुन्या गाड्या आपण पावसाळ्यात जपून ठेवतो आणि त्यांचा क्लच मात्र त्या जपण्यानेच जातो, असा हा प्रकार आहे. माझ्या गाडीतला द्रव किती वर्षे बदललेला नव्हता, हे सांगायला बंधू हयात नाहीत. पण काढलेला द्रव चहाच्या कोऱ्या अर्कासारखा होता आणि ताजा डॉट ४ फिक्या मधासारखा असतो.

दुसऱ्या सल्ल्यासंबंधी, म्हणजे ‘कोणतेही पातळ तेल’ यासंबंधी, मला जरा कठोर शब्द वापरावे लागत आहेत. या साऱ्या गोंधळाचे मूळ ‘ब्रेक ऑइल’ या शब्दात आहे. दुकानदार, मिस्त्री, चालक, आपण सगळे तोच शब्द वापरतो आणि मीही वापरतो. कोणे एके काळी तो बरोबरही होता, कारण सुरुवातीच्या काळातला हा द्रव एरंडेल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाचा असे. आजचा ग्लायकॉलचा द्रव कोणत्याही अर्थाने तेल नाही, आणि त्याच्यासाठी घडवलेल्या रबराला खनिज तेल विषासारखे आहे. इंजिन ऑइल, शिलाई मशीनचे तेल, पॉवर स्टिअरिंगचे तेल, डिझेल, रॉकेल यांतले काहीही टाकीत गेले की वॉशरे फुगतात, मऊ पडतात आणि मग एका सिलिंडरचा प्रश्न उरत नाही; नळ्यांसकट सगळी रबरे बदलावी लागतात. काही गाड्या खनिज तेलावर चालणाऱ्या व्यवस्थेसह बनवलेल्या असतात हे खरे, पण त्या नियमाला अपवाद आहेत आणि तसे त्यांच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेले असते. झाकण वाचल्यावाचून बाटली उलटी करू नये.

हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून मी घरी केलेला प्रयोग सांगतो. मास्टर सिलिंडरच्या कामाला बसलो तेव्हा मदतीला आलेल्या एका उत्साही तरुणाने नवी वॉशरे रॉकेलात स्वच्छ धुऊन, फडक्यावर ओळीने मांडून ठेवली होती. आपल्याकडे गॅरेजमध्ये प्रत्येक सुटा भाग रॉकेलात किंवा डिझेलात धुण्याची रीत आहे आणि बेअरिंगसाठी ती ठीकही आहे. मिस्त्रींनी ती वॉशरे बाजूला सारली. माझा जीव तुटला, कारण तो संच इंग्लंडहून मागवलेला होता आणि तो येण्यास पाच आठवडे लागले होते. म्हणून खात्री करून घेण्यासाठी त्यातलेच एक वॉशर रॉकेलाच्या वाटीत आणि त्याच मापाचे दुसरे, सुटे मिळालेले, ब्रेकच्या द्रवाच्या वाटीत रात्रभर ठेवले. सकाळी द्रवातले वॉशर जसेच्या तसे होते. रॉकेलातल्या वॉशराचा ओठ बाहेर वळून कमळाच्या पाकळीसारखा झाला होता आणि ते सिलिंडरच्या तोंडाशी धरले तर आत शिरेना. असे वॉशर बळेच बसवले असते तर दट्ट्या दाबल्यावर परत फिरलाच नसता. हे भाग धुवायचे असतील तर ताज्या ब्रेकच्या द्रवाने किंवा औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावेत, आणि बसवताना ग्रीसचे बोट न लावता ताज्या द्रवातच बुडवून बसवावेत.

खळगे पडलेल्या सिलिंडरचे काय करायचे, याविषयी मतभेद आहेत. माझे मत अनुभवाने बनलेले आहे. नुसते डाग असतील तर बारीक दगडाने हलके घासून काम भागते. नख अडत असेल तर घासून उपयोग नाही, कारण खळगा जाईपर्यंत घासले तर भोक मोठे होते आणि वॉशराचा ओठ पुरत नाही. माझ्या स्लेव्हचे पुढे दोन महिन्यांत तेच झाले. मग उरतात दोन मार्ग: नवा सिलिंडर मागवणे किंवा जुन्याला आतून पितळेची अथवा स्टेनलेस स्टीलची बाही बसवून मूळ मापाला आणणे. मी स्लेव्ह नवा घेतला आणि मास्टरला लेथवर पितळेची बाही बसवून घेतली. या गाडीच्या मास्टर सिलिंडरचे भोक पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे आहे. लेथवाल्यास सरळ १९ सांगितले असते तर पाच शतांश मिलिमीटर फुकट गेले असते आणि दोष वॉशराला लागला असता. पाऊण इंची वॉशर म्हणून दुसऱ्याच गाडीचे वॉशर दुकानदार पुढे करतात. माप जुळते, पण ओठाचा कोन आणि जाडी जुळेलच असे नाही, आणि क्लचच्या भरवशावर घाट चढायचा असेल तर मी ते घेणार नाही. पान्यांचेही तसेच. या गाडीचे नट इंची मापाचे आहेत. ७/१६ इंच म्हणजे ११.११ मिलिमीटर, त्यावर १२चा पाना लावला की नट गोल होतो आणि हवा काढण्याचे इवलेसे निपल एकदा गोल झाले की अर्ध्या तासाचे काम दिवसावर जाते.

हवा काढण्याचे काम हा एक स्वतंत्र अध्याय आहे. नेहमीची रीत अशी की निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक द्रवाच्या बाटलीत बुडवायचे, एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करून घट्ट करायचे, मग पेडल सोडायचे. माझा नातू वर आणि मी खाली, असे आम्ही दीड तास ‘दाब, धर, सोड’ केले आणि तरीही पेडल मऊच राहिले. याचे कारण साधे आहे. मास्टर सिलिंडर सर्वांत उंचावर, स्लेव्ह खाली. बुडबुड्याचा स्वभाव वर चढण्याचा आणि आपण मात्र त्याला खाली ढकलत नेतो. दोन दाबांच्या मध्ये तो पुन्हा नळीच्या उंच वळणावर जाऊन बसतो. शेवटी मिस्त्रींनी उलटी गंगा वाहवली. कोरी सिरिंज ताज्या द्रवाने भरून ती नळीने खालच्या निपलला जोडली, निपल सैल केले आणि द्रव सावकाश खालून वर चढवला. टाकीत बुडबुडे फुटत गेले, मी वरचा जादा द्रव काढत राहिलो. दहा मिनिटांत पेडल दगडासारखे झाले. त्यापूर्वी स्लेव्हचा दट्ट्या पूर्ण आत ढकलून ठेवावा, म्हणजे त्याच्यामागे हवा दडून बसायला जागा उरत नाही. काढलेला द्रव परत टाकीत घालू नये आणि विहिरीच्या आसपास तर मुळीच ओतू नये. रंगावर थेंब पडला तर पुसत बसण्याऐवजी लगेच भरपूर पाण्याने धुवावा. पाण्याची ओढ इथे आपल्या कामी येते.

सगळे झाल्यावरही अर्ध्या इंचाचा हिशेब जुळेना, तेव्हा पेडल आणि मास्टरचा दांडा यांना जोडणारी पिन काढून पाहिली. पन्नास वर्षांत ती मध्ये खोबणीसारखी झिजली होती आणि पेडलाचे भोक लांबट झाले होते. सिलिंडरावर शेकडो रुपये घालवावेत आणि चार रुपयांच्या पिनेने त्यातली चाल खावी, हे या जुन्या गाड्यांत वारंवार घडते. भोक भरून, नवी पिन घालून घेतली. पेडलाला किंचित मोकळी चाल ठेवायची असते हेही इथेच नोंदवतो. ती नसली तर मास्टरमधले टाकीकडचे बारीक भोक उघडत नाही, दाब अडकून राहतो आणि क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग अखंड घासत राहते. या गाडीत ते बेअरिंग म्हणजे कार्बनची एक कडी आहे. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवण्याची सवय तिला परवडत नाही.

‘या असल्या गाड्या जिल्ह्यात आहेत तरी किती’, असे आपण म्हणाल, आणि ते खरे आहे. परंतु द्रवाच्या जोरावर चालणारा क्लच आज साध्या प्रवासी गाड्यांत आणि टेम्पोंतही सर्रास असतो. त्यांपैकी अनेकांत क्लच आणि ब्रेक यांना द्रव पुरवणारी टाकी एकच असते. क्लचची नळी टाकीत वरच्या अंगाला जोडलेली असते, जेणेकरून क्लच गळाला तरी ब्रेकचा वाटा शिल्लक राहावा. परंतु अशा टाकीत कोणी ‘कोणतेही पातळ तेल’ ओतले, तर ते वर-खाली असा भेद पाळत नाही. क्लचची रबरे फुगली तर गाडी रस्त्यात उभी राहील. ब्रेकची फुगली तर फोंडा किंवा करूळ घाटात काय होईल, हे लिहिण्याची गरज नाही. शिवाय काही नव्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर बेलहाउसिंगच्या आतच बसवलेला असतो. तो गळू लागला की गिअरबॉक्स उतरवण्यावाचून गत्यंतर नसते, म्हणून तिथे द्रव वेळेवर बदलण्याचे महत्त्व उलट वाढते.

एका प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन ठेवतो, कारण हौशी मंडळी तो हटकून विचारतात. सिलिकॉनचा डॉट ५ द्रव पाणी शोषत नाही आणि रंगही खात नाही. मग तोच का वापरू नये? तो पाणी शोषत नाही याचा अर्थ पाणी आत येतच नाही असा नव्हे. आलेले पाणी त्यात विरघळत नाही, खालच्या सखल जागी, म्हणजे नेमके स्लेव्हमध्ये, थेंब होऊन साचते. हवेचे बारीक बुडबुडेही तो लवकर सोडत नाही. ग्लायकॉलच्या द्रवात तो मिसळत नाही आणि मिसळूही नये. ‘डॉट ५.१’ हा मात्र ग्लायकॉलचाच प्रकार आहे. एका टिंबाच्या फरकाने दुकानात गफलत होते. आमच्या हवेत मी डॉट ४ घेतो, पाव लिटरची सीलबंद बाटली घेतो आणि उरलेला द्रव पुढच्या वर्षासाठी ठेवत नाही. मोठ्या डब्यातून सुटा ओतून मिळणारा द्रव स्वस्त पडतो खरा, पण वेंगुर्ल्यासारख्या गावी डबा उघडल्यापासून त्याने किती हवा प्यायली असेल, हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

म्हणून आपणांस विनंती अशी की, पुढील रविवारच्या पुरवणीत त्या तीन वाक्यांची दुरुस्ती छापावी. टाकीतली पातळी उतरली असेल तर भर घालण्याआधी दोन्ही सिलिंडर, नळीचे सांधे आणि पेडलाखालची चटई पाहावी. टाकीत झाकणावर लिहिलेल्या प्रतीचा सीलबंद द्रवच घालावा. आणि प्लेटचा निकाल देण्यापूर्वी क्लच घसरतो आहे की सुटत नाही आहे, हे चढावर तपासावे, एवढे त्यात आले तरी पुरे. जे वाचक आपल्या गाड्या पावसाळाभर झाकून ठेवणार असतील, त्यांनी मे महिन्यातच द्रव बदलून घ्यावा आणि आठवड्यातून एकदा, गाडी जागची न हलवता, क्लचचे आणि ब्रेकचे पेडल दहा-वीस वेळा दाबावे. आमच्याकडे ते काम आता नातवाकडे आहे. दर रविवारी सकाळी पाऊस कितीही असला तरी तो मांगरात जाऊन ते करतो आणि येताना चटईखालचा पत्रा कोरडा आहे का, ते बोट लावून पाहून येतो.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापक,
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग